व्हाइनलँड ते बुऱ्हाणपूर: एका आकड्यामागचा माणूस

एकाच मुलाला दोन वयं असू शकतात. एक जन्मदाखल्यावरचं. दुसरं सामाजिक वय, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, बोलणं, बाहेर जाणं ही रोजची कामं तो साधारण कितव्या वर्षाच्या मुलाइतकी करतो ते. बारा वर्षांच्या मुलाचं सामाजिक वय सहा निघालं, तर सहाला बाराने भागायचं, शंभराने गुणायचं. उत्तर पन्नास. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये राजपत्रात छापलेल्या तक्त्यात ३६ ते ५४ या गुणांपुढे मध्यम बौद्धिक अक्षमता आणि ७५ टक्के दिव्यांगत्व असं लिहिलेलं आहे. ५५ ते ६९ असेल तर सौम्य, ५० टक्के. ७० ते ८४ असेल तर २५ टक्के, आणि मग बहुतेक लाभ हातातून जातात, कारण कायद्याने घातलेली किमान अट ४० टक्क्यांची आहे. रेल्वेची सवलत, आरक्षण, राष्ट्रीय न्यासाचा एक लाखापर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा, आईवडिलांच्या पश्चात कायदेशीर पालक कोण, असे कितीतरी प्रश्न या एका भागाकारापाशी येऊन थांबतात.

आणि हा आकडा कुठल्याही यंत्रातून बाहेर पडत नाही. त्यासाठी रक्त काढत नाहीत, फोटो काढत नाहीत. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देतं हे खरं, पण त्याआधी एक माणूस मुलाच्या आईसमोर बसतो, तिच्याशी तासभर बोलतो, मुलासमोर चार ठोकळे ठेवतो, आणि त्या बोलण्यातून आणि ठोकळ्यांतून आकडा तयार होतो. खाली त्या माणसाची सही असते आणि सहीखाली नोंदणी क्रमांक. नुसत्या बोलण्यातून आणि ठोकळ्यांतून काढलेल्या निष्कर्षावर सरकार इतका भरवसा ठेवतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. हा माणूस घडतो कसा, त्याला हा अधिकार देतं कोण, आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या एखाद्या मुलीला तिथवर पोचायचं असेल तर वाट कशी आहे, हे जसजसं उलगडत जातं तसतसं हे नवल वाढतच जातं.

त्या खोलीत काय घडतं ते आधी जवळून पाहू. समजा, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शहापूरकडच्या केळीच्या पट्ट्यातून एक आई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली आहे.

“ताई, हा अंघोळ स्वतः करतो का?”

“हो, करतो ना.”

“पाणी कोण काढून देतं?”

“मीच देते. गरम असतं.”

“आणि साबण?”

“साबण मी लावते. नाहीतर तो तसाच उभा राहतो.”

“शर्ट?”

“हात घालतो बाह्यांत. गुंड्या मी लावून देते.”

पहिलं उत्तर ‘हो’ होतं. चार प्रश्नांनंतर कळलं की अंघोळ आई घालते. आई खोटं बोलली नाही. तिच्या मनात तो करतोच, कारण रोज त्याची अंघोळ होते. दुसरी एखादी आई याच्या उलट ‘याला काहीच येत नाही हो’ म्हणून डोळ्यांना पदर लावते, आणि अर्ध्या तासाने बोलता बोलता निघतं की तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून एकटा बिस्किटाचा पुडा आणतो आणि उरलेले पैसे बरोबर परत आणतो. केवढी मोठी गोष्ट ही! दुकानाची वाट लक्षात ठेवणं, हवी ती वस्तू सांगणं, पैसे सांभाळणं, परत येणं. ती आईला कधी मोजण्यासारखी वाटलीच नाही. शिकलेला कान ‘हो’वरही थांबत नाही आणि ‘नाही’वरही थांबत नाही.

या तपासणीतली एक खूण मला सर्वांत विलक्षण वाटते. मुलाला एखादी गोष्ट येते किंवा येत नाही, एवढ्यावरच ती थांबत नाही. ‘संधीच मिळाली नाही’ अशीही एक वेगळी खूण आहे. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल विचारलं, “ही एकटी बाजारात जाते का?” आणि उत्तर आलं, “नाही.” पण तिला जमत नाही म्हणून ती जात नाही, की घरचे जाऊ देत नाहीत म्हणून? कागदावर दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असलं, तरी माणसाच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोजपट्टी बनवणाऱ्याने हा फरक ओळखून त्यासाठी जागा ठेवली होती.

ही मोजपट्टी बनली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड नावाच्या गावी. तिथे मतिमंद मुलांसाठी एक प्रशिक्षणशाळा होती. एडगर डॉल या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये तिथे ही सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी मांडली. गावाचं नाव तिला कायमचं चिकटलं; आजही तिला व्हाइनलँडच म्हणतात. तिचं भारतीय रूप तयार केलं आर्थर मॅलिन यांनी, आणि कुठे, तर नागपुरात. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत, ८९ बाबी, आठ क्षेत्रं: खाणं, कपडे, स्वतःची इतर कामं, स्वतःचे निर्णय, कामधंदा, बोलणं-लिहिणं, फिरणं, चारचौघांत मिसळणं. याच मॅलिन यांनी डेव्हिड वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचंही भारतीय रूप १९६० च्या दशकात नागपुरातूनच दिलं. मध्य प्रदेशात १९५६ ची राज्यपुनर्रचना होईपर्यंत निमाड जिल्ह्यातल्या बुऱ्हाणपूरची राजधानी नागपूरच होती. राज्यं बदलली, सरकारी कागदांची भाषा बदलली, तरी नागपुरात घडलेली मोजपट्टी आजही देशभर मुलांसमोर ठेवली जाते.

मराठीशी जोडलेला दुसरा धागा याहूनही जुना आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली वापरता येण्याजोगी बुद्धिमापन चाचणी तयार केली. हेतू साधा आणि दयाळू होता. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शिक्षा करण्याऐवजी मदत द्यायची, म्हणून ती मुलं आधी ओळखायची. ही चाचणी अमेरिकेत गेली, स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये ती नव्याने बांधली, आणि १९३० च्या दशकात तत्कालीन मुंबई इलाख्यातल्या धारवाडकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी उभी केली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्ड प्रेसने काढलं. बिने-कामत चाचणी हे नाव देशातल्या अनेक सरकारी दवाखान्यांत पुढची कित्येक दशकं रोजच्या वापरात राहिलं. मराठी शाळेतल्या मुलांशी मराठीत बोलून तयार झालेली चाचणी आपल्या देशातल्या बुद्धिमापनाच्या पायाशी आहे, हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पण याच इतिहासात एक काळी बाजूही आहे, आणि या कामाला परवाना कशासाठी हवा ते तिथेच नीट समजतं. बिने यांची चाचणी अमेरिकेत पहिल्यांदा आणली ती व्हाइनलँडच्याच संशोधनप्रमुखाने, हेन्री गॉडर्ड यांनी, १९०८ मध्ये. पाच वर्षांत ती न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर जहाजांतून उतरणाऱ्या परदेशी मजुरांवर चालवली गेली. दिवसचे दिवस समुद्रावर काढून थकलेली, घाबरलेली, बरीचशी निरक्षर माणसं, दुभाष्यामार्फत प्रश्न. त्यातली मोठी संख्या ‘मंदबुद्धी’ ठरली. चाचणी तीच, मुलांच्या मदतीसाठी जन्मलेली. वापरणाऱ्याने समोरच्या माणसाची परिस्थिती हिशेबात घेतली नाही, एवढंच घडलं, आणि त्यातून केवढा अन्याय झाला. डॉल हे तरुणपणी गॉडर्ड यांच्या हाताखाली काम करत होते. त्याच संस्थेत पुढे त्यांनी ‘मुलाला काय माहीत आहे’ हे विचारण्याऐवजी ‘मूल रोज काय करतं’ हे विचारणारी पट्टी बनवली, आणि तीत संधी न मिळालेल्यांसाठी वेगळी खूण ठेवली.

आता हाच प्रश्न बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आणून पाहा. शहरात उर्दू, हिंदी, मराठी, गुजराती, सिंधी कानावर पडतात. ताप्तीच्या दक्षिणेला महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत घराघरांत मराठी. खेड्यांत निमाडी. खकनार आणि नेपानगरकडच्या सातपुड्यात कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, ऑस्ट्रोआशियाई भाषांमधली सर्वांत पश्चिमेची. तिचे नातलग झारखंडात, आणि दूरचे थेट व्हिएतनाम-कंबोडियात. पाड्यावरच्या कोरकू मुलाला हिंदीतून शब्दांचे अर्थ विचारले आणि तो गप्प राहिला, तर आपण त्याची बुद्धी मोजली की त्याची हिंदी? प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ इथे शब्दांची चाचणी बाजूला ठेवतो आणि रंगीत ठोकळे काढतो. कार्डावरची नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची. भाषेचं ओझं बरंच कमी होतं. भारतात चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृती-चाचण्यांच्या संचात अशी कामं आहेत, आणि तो संच निरक्षरांनाही देता येईल असाच रचलेला आहे.

ठोकळे जुळले की नाही, एवढंच तो पाहत नाही. एक मूल आधी कार्डाकडे टक लावून बघतं आणि मग हात घालतं. दुसरं लगेच सुरू करतं, चुकतं, मोडतं, पुन्हा करतं. तिसरं बरोबर जुळवतं आणि आईकडे बघून पुन्हा मोडून टाकतं, कारण त्याला आपल्यावर विश्वास नाही. घड्याळ तिघांनाही गुण देतं, पण अहवालात या तीन मुलांबद्दल तीन वेगळे परिच्छेद लिहिता यावे लागतात.

हे शिकवायचं कुठे, आणि शिकलंय की नाही हे ठरवायचं कोणी? भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग कलकत्त्याला १९१६ मध्ये सुरू झाला. पण रुग्णासमोर बसण्याचं रीतसर प्रशिक्षण त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी आलं. बंगळुरूला १९५४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, तीच पुढे १९७४ मध्ये निम्हान्स झाली. तिथे १९५५ पासून मानसशास्त्राच्या पदवीधरांना रुग्णालयात ठेवून शिकवू लागले. मग १९६२ मध्ये रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था त्यात आली. आज नोंदणीसाठी जी परंपरा मानली जाते ती या दोन ठिकाणांहून वाहत आली आहे.

कायदा मात्र बऱ्याच उशिरा आला. भारतीय पुनर्वास परिषद १९८६ मध्ये एक संस्था म्हणून सुरू झाली, तिच्यासाठी १९९२ मध्ये संसदेत कायदा झाला आणि २२ जून १९९३ पासून तो लागू झाला. परिषदेकडे केंद्रीय पुनर्वास नोंदवही आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे आईसमोर बसून तपासणी करणारा तो मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर नाव या नोंदवहीत हवं. नसताना काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! एवढ्या नाजूक कामासाठी इतका किरकोळ दंड मला पटत नाही. पण कायद्यात तो तसा आहे. नोंदणी एकदा झाली म्हणजे जन्माची झाली, असंही नाही. दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते आणि मधल्या काळात परिषदेने मान्य केलेल्या उजळणीच्या कार्यक्रमांना हजेरी लावल्याचे गुण दाखवावे लागतात.

त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या स्वतःच्या पोटात घेतली: परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची या विषयातली पात्रता, किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्ण वेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखाली रुग्ण पाहण्याचं प्रशिक्षण आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे वेगळे. ते आधी एमबीबीएस करतात, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतात, आणि औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तपासणी, निदानाला मदत आणि बोलण्यातून उपचार हे त्याचं काम.

तर बुऱ्हाणपूरच्या एखाद्या मुलीची वाट आजवर अशी होती. बारावी, शाखा कोणतीही चालते. मग मानसशास्त्र घेऊन पदवी. मग एम.ए. किंवा एम.एस्सी., किमान ५५ टक्के. पाच वर्षं झाली, घरचे विचारू लागतात, आता नोकरी कधी? आणि खरी वाट तर इथूनच सुरू होते. प्रवेश परीक्षा, मुलाखत, मोजक्या जागा, आणि निवड झाली तर दोन वर्षं रुग्णालयातल्या वॉर्डात. ही दोन वर्षं घरी बसून, पत्राने किंवा पडद्यावर होत नाहीत.

त्या दोन वर्षांत काय होतं याची बाहेर फारशी कल्पना नसते. रोज सकाळी नवा रुग्ण, त्याचा इतिहास लिहायचा: तक्रार केव्हापासून, कशी वाढली, घरात आणखी कोणाला, झोप, भूक, काम, नाती. मग मनःस्थितीची तपासणी: पेहराव, नजर, बोलण्याचा वेग, विचारांची सलगता, भास, स्मरण, आपल्याला काय झालंय याची रुग्णाला स्वतःला किती जाणीव आहे. लिहिलेलं सगळं वरिष्ठांसमोर वाचायचं. वरिष्ठ विचारतात, “हे तिनं सांगितलं, की तुला वाटलं?” या एका प्रश्नाने विद्यार्थ्याच्या वहीतला अर्धा मजकूर गळून पडतो. आपलं अनुमान आणि समोरच्याचे शब्द यांच्यात रेघ ओढायला शिकणं हा या शिक्षणाचा कणा आहे.

आणखी एक गोष्ट तिथे शिकतात, जी आपल्यापैकी बहुतेकांना जमत नाही. “जीव द्यावासा वाटतो का?” हे स्पष्ट शब्दांत विचारणं. आपल्याला भीती वाटते की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. संशोधन सांगतं की विचारल्याने तसं होत नाही. उलट पुष्कळांना हायसं वाटतं, कारण कुणीतरी पहिल्यांदा विचारलेलं असतं. विद्यार्थी हा प्रश्न आवाज न चोरता, घाई न करता विचारायला शिकतो, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय करायचं याची पावलं पाठ करतो.

दुःख आणि आजार यांच्यातली सीमा ओळखणं हा त्याहून अवघड धडा. त्यासाठी बुऱ्हाणपूरइतकं बोलकं उदाहरण दुसऱ्या गावाजवळ क्वचित असेल. १७ जून १६३१ रोजी इथल्या शाही किल्ल्यात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. ताप्तीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं. काही महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेलं. दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवलंय की शाहजहान आठवडाभर लोकांसमोर आला नाही, त्याचे केस थोड्याच दिवसांत पांढरे झाले, आणि पुढे दोन वर्षं त्याने गाणं-बजावणं, दागिने, रंगीत कपडे सोडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकाची एक स्वतंत्र नोंद आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि त्या माणसाच्या समाजात आणि धर्मात रीतीला धरून असेल त्याहून जास्त. अमेरिकन वर्गीकरणात मोठ्यांसाठी ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. मग शाहजहानला हा आजार होता?

प्रशिक्षित माणूस इथे उत्तर देत नाही, प्रश्न विचारू लागतो. दोन वर्षं रंग सोडणं त्या काळच्या दरबारी रीतीत कितपत बसत होतं? राज्यकारभार थांबला होता का? तो तर सुरू राहिला, १६५८ पर्यंत. झोप, भूक, बाकीच्या मुलांशी वागणं? आणि हे लिहिणारे त्याचे पगारी इतिहासकार, त्यांना काय दाखवायचं होतं? समोर नसलेल्या माणसाचं निदान करायचं नाही, हा नियम विद्यार्थ्याच्या हाडीमाशी भिनवलेला असतो. आणखी एक गोष्ट तो विसरत नाही. त्याच काळात, १६३० ते १६३२ मध्ये, गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. माणसं गावंच्या गावं मरत होती. त्या घरांतल्या शोकाचे केस कोणी मोजले नाहीत. आजही ज्याचं दुःख नोंदवायला कोणी इतिहासकार नाही, त्याच्यासमोर बसून ते नोंदवणं हेच तर या माणसाचं काम.

सध्या ही सगळी वाट बदलते आहे, म्हणून विद्यार्थ्यांनी कान टवकारून ठेवावेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी मात्र मुदत वाढवून ती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत दिली. परिषदेने नवी शिडी आखली आहे: चार वर्षांची क्लिनिकल सायकॉलॉजीची ऑनर्स पदवी, त्यावर त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी, आणि सर्वांत वर सायडी ही व्यावसायिक डॉक्टरेट. आधी एम.फिल. झालेल्यांची पात्रता कायम आहे. शिवाय संसदेने २०२१ मध्ये केलेल्या आरोग्यव्यवसायांच्या कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणायची तरतूद आहे. त्याच धाग्याने २०२५ पासून आयोगाने दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन मानसशास्त्राच्या पदव्या द्यायला मनाई केली. हा निर्णय मला योग्य वाटतो, पण त्याची किंमत लहान गावांतल्या, विशेषतः लग्न झालेल्या मुली मोजतील, कारण त्यांना दूरशिक्षण हीच वाट परवडत होती. त्यांच्यासाठी जिल्ह्याजवळ नियमित वर्ग उघडायला हवेत. सीहोरला राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वास संस्था २०१८ मध्ये मंजूर झाली. मध्य प्रदेशात अशी संस्था असणं ही चांगली सुरुवात आहे, पण सीहोरही बुऱ्हाणपूरहून जवळ नाही.

गरज किती आहे? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळात लाखामागे १.२ मनोविकारतज्ज्ञ आढळले, आणि मध्य प्रदेशात ०.०५. म्हणजे वीस लाखांमागे एक. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या वर होती. त्या हिशेबाने अडीचहून जास्त बुऱ्हाणपूर जिल्ह्यांना मिळून एक तज्ज्ञ. हा आकडा मनोविकारतज्ज्ञांचा; पण मुलाच्या सामाजिक वयाचा तो साधा भागाकार करायला योग्य मानसशास्त्रज्ञही नसेल, तर आई तारखेमागून तारीख घेत राहते आणि मूल मोठं होऊन जातं.

म्हणून वाचणाऱ्यांना दोन विनंत्या. कुणाकडे उपचाराला किंवा तपासणीला गेलात तर नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. परिषदेची नोंदवही संकेतस्थळावर उघडी आहे, नाव तपासता येतं, आणि चांगला मानसशास्त्रज्ञ या प्रश्नाने कधीच दुखावत नाही. कुणाला आत्ताच, रात्री-अपरात्री बोलावंसं वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलते.

दुसरी विनंती शहापूर, नेपानगर, खकनार, रावेर या भागांतल्या बारावीच्या मुलामुलींना. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी आणि शेजारी कोरकू ऐकत तुम्ही वाढलात. आईच्या ‘हो’मागची अंघोळ आणि ‘नाही’मागचं किराणा दुकान तुमच्या कानाला जसं ओळखता येईल, तसं बंगळुरूहून बदलीवर आलेल्या माणसाला यायला वर्षं लागतील. ही वाट लांब आहे, खर्चाची आहे, पण तुमच्या भाषांचं इथे खरंच मोल आहे. अर्ज भरताना मानसशास्त्राचा विचार जरूर करा. फक्त प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव परिषदेच्या यंदाच्या मान्यता यादीत आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.